रफार एक घर पुढे

दैनिकात तिला सगळे वेलांटीताई म्हणायचे. तेवीस वर्षं मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या. घरीही सुटका नव्हती. नवऱ्याने सायकलच्या दुकानावर 'दुरूस्ती' लिहिलं, तर हिने स्टुलावर चढून तो 'रू' ऱ्हस्व केला.

दैनिक आधी एका कुटुंबाचं होतं. मग ते एका वाहिनीने घेतलं, वाहिनीला फोनच्या कंपनीने गिळलं आणि आता सगळ्यांचा मिळून 'समूह' झाला. दर वेळी दारावरची पाटी मोठी झाली आणि आतली टेबलं कमी. मुद्रितशोधनाची सहा होती. उरलं एक, तेही जिन्याखाली.

सोमवारी पत्र आलं. मुद्रितशोधन यापुढे मुख्यालयात, रेल्वेने अकरा तासांवर. संमती असल्यास खाली उजवीकडच्या चौकटीत सही करावी.

"आणि नाही केली तर?" तिने विचारलं.

पानं लावणारा, म्हणजे अख्ख्या कचेरीचा 'पानवाला', म्हणाला, "तर इथेच ठेवावं लागेल तुम्हाला. करारात आहे तसं. सही तेवढी करू नका ताई, बाकी काय वाट्टेल ते करा."

"वेडी आहे का मी? आमच्या ह्यांचं दुकान इथे. अकरा तासांवरून डबा पाठवू?"

म्हणून नेमकं काय लिहिलंय ते बघायला ती बसली. आणि पहिल्याच ओळीत किंचाळली.

"पुर्नरचना! अरे, रफार 'न'वर चढवलाय! 'र'वर हवा, पुनर्रचना! एवढी माणसं हलवतायत, आणि एक रफार जागेवर बसेना?"

लाल पेन निघालं. रफार एक घर पुढे सरकला. 'हार्दीक' शुभेच्छांची वेलांटी बदलली. 'उज्वल भवितव्या'त एक 'ज' कमी होता, तोही दिला. अकरा चुका! शेवटी खाली उजवीकडे, हाताला सवयच ती, 'तपासले' लिहून तिने झोकात सही ठोकली आणि कागद वरच्या मजल्यावर नेऊन दिला. "नीट करून पाठवा!"

गुरुवारी संदेश आला: संमतीबद्दल आभार.

ती धापा टाकत वर गेली. कर्मचारी विभागातली मुलगी गोड होती, हाच वैताग.

"सही तुमचीच ना, मॅडम?"

"माझीच. पण संमतीची नाही, तपासल्याची! वर लिहिलंय ना धडधडीत?"

"पत्रं स्कॅन होतात. यंत्र चौकटीत सही आहे का तेवढंच बघतं, वाचत नाही."

"मग वाचतं कोण?"

"ते मुख्यालयात." मुलगी अडखळली. "म्हणजे... आता तुम्हीच."

"रद्द कर ते."

"विनंती टाकते. पण उत्तरही यंत्रच देतं."

खाली पानवाल्याने कपाळावर हात मारला. "एवढं एकच सांगितलं होतं! सही करू नका!"

"अरे, मी सही केलीच नाही! मी प्रूफ पास केलं!"

संध्याकाळी टेबलावर बदलीचा हुकूम पडला. पहिली ओळ: 'कंपनीच्या पुर्नरचनेमुळे...'

"सही तेवढी उचलली मेल्यांनी," ती म्हणाली, "रफार तिथेच ठेवला."

तळाशी 'मिळाले'ची रिकामी चौकट होती. उजव्या हाताने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. तिने डाव्या हाताने तो हात घट्ट धरून ठेवला.