आकाशगंगेची शेंग

यावलजवळच्या आमच्या केळीच्या बागेत दर हिवाळ्यात भरीत पार्टी होतेच. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, केळीच्या पानावर वाढायचं आणि पाहुण्याला 'पुरे' म्हणू द्यायचं नाही. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच पार्टीत मात्र माझं जेवणात लक्ष नव्हतं. दक्षिण गोलार्धातल्या एका वेधशाळेत दोन वर्षांसाठी माझी निवड झाली होती. नवरा केव्हाच तयार होता. पण सासरे, म्हणजे आबा, धड हो म्हणत नव्हते की नाही. त्यांना दुखवून विमानात बसायची माझी तयारी नव्हती. मी धुळ्याची, तशी तोंडाळ. पण त्यांच्यापुढे माझी दातखीळ बसायची.

पानावर भरीत पडलं आणि आबांनी विचारलंच, "पोरी, तिकडे जाऊन तू पाह्यशीन काय?"

"आपल्या आकाशगंगेचा मधला भाग. त्याचा आकार."

"मधला भाग गोलच राहतो." त्यांनी भाकरीवरच्या भरिताच्या ढिगाकडे बोट दाखवलं. झालं, विषय संपला!

मला राग आला, आणि रागात मला बरं बोलता येतं. "आबा, बागेत मधोमध उभं राहून बागेचा आकार दिसतो का?"

"कसा दिसीन? केळीच्या दोन ओयीपल्याड पानंच पानं."

"आपणही तसेच आकाशगंगेच्या आत बसलोय, आणि मध्ये धुळीचे ढग." मी भाजलेली भुईमुगाची शेंग उचलली. "धुळीतूनही पाहणाऱ्या दुर्बिणी आल्या तेव्हा कळलं, की मध्ये नुसता गोळा नाही, ताऱ्यांचा लांबट पट्टा आहे. बाजूनं पाहिला तर असा, दोन्हीकडे फुगलेला, मध्ये आवळलेला. त्यातले बहुतेक तारे म्हातारे. त्याचं एक टोक आपल्याकडे कललंय, म्हणून त्याची लांबी चटकन कळत नाही. आपल्याकडून हा भाग दक्षिणेला खालीच दिसतो, तिकडे तो डोक्यावर येतो."

आबांनी शेंग घेतली. एक डोळा मिटून टोकाकडून पाहिली, मग आडवी धरून पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. आणि पुन्हा भाकरी मोडायला लागले. मी हिरमुसून वाढायला उठले.

शेजारच्या बागेचे मालक, भाऊ, उशिरा आले आणि आबांजवळ बसले. आबांच्या खिशातून शेंग बाहेर आली. "माही सून याचा आकार पाह्याले परदेशात चालली."

चालली? माझ्या हातातलं भरिताचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं.

भाऊंना वाटलं, कृषी संशोधन. "शेंगेसाठी इतल्या लांब? एकरी उतारा किती येतो या जातीचा?"

मला हसू आवरेना. आबा मात्र तापले. "अरे शेंग नाही, आकाशगंगा!" आणि माझं सगळं बोलणं, बागेसकट, त्यांनी भाऊंना ऐकवलं.

भाऊंना ते कितपत पटलं कोण जाणे. ते म्हणाले, "पन आबा, नवी सून दोन वर्स घरात नाही. लोक काय म्हनतीन?"

आबांनी शेंग टोकाकडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "लोकायले इतलंच दिसतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पोरी, भरीत आन."

मला भरून आलं. ते 'पुरे, पुरे' म्हणत राहिले आणि मी वाढतच राहिले.