माहीत असलेले दोष

जळगावात नवी पेठेत एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि आम्ही दोघं, सर आणि मी. सर आधी पुण्यात नोकरीला होते. आईच्या आजारपणामुळे गावाकडे परत आले आणि इथेच त्यांनी काम सुरू केलं. मी फैजपूरची, मास्तरांची मुलगी. धुळ्याला इंजिनिअरिंग करून नुकतीच बाहेर पडले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जावा ही भाषा तेव्हा इतकी नवी होती, की जळगावात तिच्याबद्दल बोलायला मला सरांशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

आम्ही एकच वस्तू बनवायचो. दुसऱ्यांनी जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर नजर ठेवणारा एक प्रोग्रॅम. मूळ प्रोग्रॅमला उत्तर द्यायला किती वेळ लागतोय, त्याने मेमरी किती खाल्लीय, तो चालू आहे की अडकलाय, हे सगळं तो स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत दाखवायचा. ठीक असेल तर हिरवा चौकोन, अडकला असेल तर लाल. ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही त्यालाही रंग कळतो, असं सर म्हणायचे, आणि ते खरं होतं.

दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची. मी ती फ्लॉपीवर उतरवायची आणि सोबत एक कागद टाइप करायची. कागदावर तीन मथळे असत: नवीन काय, दुरुस्त काय, आणि माहीत असलेले दोष. हा तिसरा मथळा सरांनीच मला शिकवला होता. पुण्याच्या कंपनीत तशी पद्धत होती. पहिल्या दोन-तीन आवृत्त्यांत त्याखाली आम्ही प्रामाणिकपणे काहीबाही लिहिलं. तारीख उलटी दिसते, छापताना शेवटची ओळ कापली जाते, असलं.

धुळ्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यातली रक्तपेढी आमचं गिऱ्हाईक होती. कुठल्या गटाच्या किती बाटल्या फ्रिजमध्ये आहेत, हे सांगणारा त्यांचा प्रोग्रॅम पुण्याच्या कोणीतरी करून दिला होता आणि तो अधूनमधून अडकायचा. म्हणून आमचा. नवी आवृत्ती निघाली की मी सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचे, फ्लॉपी घालायचे, कागद द्यायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

तिथे दुपारच्या पाळीला अक्का असत. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, पांढऱ्या कोटाच्या खिशात नेहमी बडीशेप. वीस-बावीस वर्षं त्यांनी रक्तपेढीत काढली होती. एरवी शहरी मराठी बोलायच्या, माया आली की अहिराणी. मी गेले की आधी पाणी, मग चहा, मग काम. माझे कागद त्या पंच करून फाईलला लावायच्या. ते वाचणारं दुसरं कोणी मला तरी भेटलं नव्हतं. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "हे तारीख उलटी दिसण्याचं पुढच्या खेपेला जाईल ना गं?" आणि ते गेलं तेव्हा दुसऱ्या मथळ्याखाली त्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावरची आवृत्ती मी तपासत होते. शुक्रवारी प्रोग्रॅम चालू ठेवून घरी गेले. सोमवारी येऊन बघते तर ज्याच्यावर नजर ठेवायची तो प्रोग्रॅम केव्हाच अडकून पडलेला, आणि आमची खिडकी हिरवीगार. आकडाही दाखवत होती, दोन सेकंद. तो आकडा रविवारचा होता. मेमरी कमी पडली की आमच्या प्रोग्रॅमचा नजर ठेवणारा भाग गुपचूप मरायचा आणि रंगवणारा भाग शेवटचं दृश्य तसंच धरून बसायचा. मी परत करून पाहिलं. तीन दिवस सलग चालला की हमखास तसं व्हायचं.

मी तिसऱ्या मथळ्याखाली लिहिलं: सलग तीन दिवस चालू राहिल्यास खिडकीतला रंग व आकडा जुनाच राहू शकतो. रोज सकाळी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

सरांनी कागद वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे वाचल्यावर कोण ठेवील आपला प्रोग्रॅम?" ते म्हणाले. "ज्याच्यावर नजर ठेवायची तो मेला आणि आपण हिरवे, असं आपणच लिहून द्यायचं?"

"पण सर, तसं होतंय."

"होतंय ना, मग दुरुस्त कर. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त म्हणून लिही. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

सर वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांना टायफॉइड झाला तेव्हा मोटरसायकलवरून फैजपूरला येऊन त्यांनी औषधं पोचवली होती. मला जे काही येत होतं ते त्यांनी शिकवलेलं होतं. हे मी त्यांच्यासाठी सांगत नाही. मी ती ओळ खोडली तेव्हा माझ्यावर कोणी जोर केला नव्हता, एवढंच सांगायचंय. तिसऱ्या मथळ्याखाली मी लिहिलं, "काही नाही."

धुळ्याला अक्कांनी कागद वाचला आणि हसल्या. "या खेपेला काहीच दोष नाही का? शिकली म्हणायची तू." मग म्हणाल्या, मॅनेजरसाहेबांनी हाताने लिहायचं रजिस्टर बंद करायला सांगितलंय. फ्रिजही सारखा उघडायचा नाही, गारवा जातो, स्क्रीनवर बघूनच सांगायचं. "मला बाई जीव धास्तावतो. मशीन अडकलं तर?"

"हिरवं आहे तोवर बिनधास्त राहा, अक्का," मी म्हणाले.

"तू सांगस ना, मंग बठ्ठं बरं शे," त्या म्हणाल्या. मी सांगतेय म्हणजे सगळं ठीकच.

दिवाळीच्या सुट्ट्या लागून आल्या. रक्तपेढी चालू होती, पण एरवी कॉम्प्युटर अधूनमधून बंद करून सुरू करणारे मॅनेजर नव्हते आणि तो सलग चालूच राहिला. चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीच्या तंत्रज्ञाने निगेटिव्ह गटाच्या दोन बाटल्या तपासून, लेबल लावून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि कॉम्प्युटरवर नोंद केली. सेव्ह दाबल्यावर स्क्रीन थोडा थांबला. खिडकी हिरवी होती. हळू चाललं असेल म्हणून तो उठला आणि घरी गेला. नोंद झालीच नव्हती. प्रोग्रॅम तिथेच अडकला होता, आणि आमचा नजर ठेवणारा भाग आदल्या दिवशीच मेला होता.

दुपारी बारा-साडेबाराला शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली माणसं चिठ्ठी घेऊन आली. त्यांच्यातली एक बाई शेजारच्याच नर्सिंग होममध्ये बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. त्याच गटाच्या दोन बाटल्या हव्या होत्या. अक्कांनी स्क्रीन पाहिला. त्या गटासमोर शून्य होतं. त्यांनी कोपऱ्यातली खिडकीही पाहिली, हे त्यांनी नंतर चौकशीत सांगितलं. हिरवी होती. त्यांनी सरकारी दवाखान्यात फोन लावला, तिथेही नव्हतं. मग जळगावला लावला. तिथे होतं. बाईचा नवरा आणि दीर जीप करून जळगावला निघाले. रस्ता खराब, जायला अडीच तास, यायला त्याहून जास्त. ते बाटल्या घेऊन परत आले तेव्हा दिवे लागले होते आणि बाई गेली होती.

सात वाजता पाळी संपताना अक्कांनी दुसऱ्या एका बाटलीसाठी फ्रिज उघडला. दुसऱ्या खणात त्या दोन बाटल्या होत्या. कोणालाही कळलं नसतं. अक्का बाटल्या हातात घेऊन स्वतः चालत नर्सिंग होममध्ये गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हे आमच्याकडेच होतं."

दोन दिवसांनी आमच्या ऑफिसात मॅनेजरांचा फोन आला. सरांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि काय झालं ते माझ्याकडे न बघता सांगितलं. दुरुस्त केलेली आवृत्ती माझ्याकडे तयार होती. ती दहा दिवस आधीच तयार झाली होती, सुट्ट्यांनंतर नेऊ म्हणून टेबलाच्या खणात पडली होती. तीच घेऊन त्यांनी मला धुळ्याला पाठवलं. जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "विचारलं तर आपल्याला कल्पना नव्हती म्हण. नाहीतर उद्या आपण दोघंही घरी."

रक्तपेढीबाहेरच्या बाकावर पंचविशीचा एक माणूस बसला होता. डोकं नुकतंच भादरलेलं. माझ्या हातात फाईल पाहून त्याला मी तिथलीच वाटले. त्याने एक कागद पुढे केला.

"ताई, हाई काय लिखेल शे?"

नर्सिंग होमचा कागद होता. मी वाचून दाखवला. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव. रक्त वेळेत उपलब्ध न झाल्याने. तो मान हलवत ऐकत होता, जणू बसचं वेळापत्रक ऐकतोय. मग त्याने विचारलं, "आते सही कोठे करानी?" मी बोट ठेवून जागा दाखवली. त्याने सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मी तिथून आत गेले.

मॅनेजरांच्या टेबलावर अक्कांची फाईल उघडी होती, माझे सगळे कागद तारखेनुसार लावलेले. समोरच्या खुर्चीत अक्का होत्या. कोट घातलेला नव्हता. मी त्यांना नुसत्या साडीत पहिल्यांदाच बघत होते.

मॅनेजरांनी शेवटच्या कागदावर बोट ठेवलं. "माहीत असलेले दोष, काही नाही. असंच लिहिलंय ना तुम्ही?"

"हो."

"म्हणजे हे असं होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझ्यावर संशय नव्हता. मी त्यांची बाजू सांगीन, मशीनची चूक होती असं म्हणेन, एवढीच आशा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"नव्हतं," मी म्हणाले.

मग मॅनेजर अक्कांकडे वळले. मशीन म्हणजे शेवटी मशीन, बाई. तुम्ही बावीस वर्षं इथे आहात. डोळ्यांनी फ्रिज बघायला काय झालं होतं? अक्का म्हणाल्या, फ्रिज उघडू नका असं तुम्हीच सांगितलं होतं. मॅनेजर म्हणाले, सारखा उघडू नका म्हटलं होतं. मी बाहेरच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती घातली. कागद द्यायचा होता, तो दिला. दुसऱ्या मथळ्याखाली लिहिलेलं होतं: खिडकीतला रंग जुनाच राहण्याचा दोष दुरुस्त केला. जो दोष आम्हाला ठाऊकच नव्हता असं मी आत सांगून आले होते, त्याच्या दुरुस्तीच्या कागदावर तारीख होती दहा दिवसांपूर्वीची. मॅनेजरांनी तारीख बघितली नाही. वाचणारं माणूस आत खुर्चीत बसलं होतं.

अक्कांना आधी सक्तीच्या रजेवर पाठवलं आणि मग राजीनामा द्यायला लावला. हे मला पुढच्या महिन्यात सकाळच्या पाळीच्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं. मी त्यानंतर जेवायला बसले की उठायचे. आईला वाटलं, मला कावीळ झालीय. जानेवारीत एका रविवारी मी कोणाला न सांगता धुळ्याला गेले आणि देवपुरात अक्कांचं घर शोधून काढलं.

त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सोमवारी काय दिसलं, मी काय लिहिलं, काय खोडलं. अक्का गव्हातले खडे वेचत होत्या. वेचत राहिल्या.

"ओळ लिहिली होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काय लिहिलं होतंस, नीट सांग."

मी ती शब्दन् शब्द सांगितली. रोज सकाळी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं? मी केलं असतं गं रोज. मला काय जड होतं?"

मी रडायला लागले तेव्हा त्या रागावल्या. "रडू नको इथे. मी त्या गावी जाऊन आलेय. मुलगी आहे, आजी शेळीच्या दुधावर वाढवतेय. तू विचारलंस का कोणाला, बाळ आहे की गेलं?"

मी विचारलं नव्हतं. बाळाचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. मी गावाचं नाव विचारलं. अक्कांनी सांगितलं नाही. "मला सांगून काय उपयोग," म्हणाल्या, "जिथे खोटं बोललीस तिथे जाऊन सांग." आणि सूप घेऊन आत गेल्या. चहाचं त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी मी मॅनेजरांकडे गेले. दोन पानं लिहून नेली होती, खाली सही. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, दुसरं पान दोनदा. मग म्हणाले, "बाईंचा राजीनामा मंजूर झालाय. त्या माणसांनी काही तक्रार केलेली नाही. आता हे उकरून तुम्हाला काय मिळणार?" मी पोच मागितली. त्यांनी माझ्या प्रतीवर शिक्का मारला आणि मूळ कागद खणात टाकले. पुढे आमचा प्रोग्रॅम त्यांनी काढून टाकला, तेवढंच झालं.

सरांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मीच जायला हवं होतं." पण ते गेले नाहीत. मी मार्चमध्ये नोकरी सोडली आणि चाळीसगावला एका कॉलेजात शिकवायला लागले.

वर्षभराने कामासाठी धुळ्याला गेले होते, तेव्हा देवपुरात गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, अक्का भावाकडे शहाद्याला राहायला गेल्या, आता येत नाहीत. पत्ता आहे माझ्याकडे, देऊ का, असंही तिने विचारलं. मी नको म्हणाले आणि स्टँडकडे चालायला लागले.