सर्वात मौल्यवान, नंबर पंधरा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी बेसबॉल खेळायला लागले, कारण नऊ जणींच्या टीममध्ये आठच मुली होत्या. जळगावला आमच्या कॉलेजच्या मागच्या मैदानावर खेळाच्या मॅडम बसलेल्या असायच्या. मी त्यांच्याकडे एका फॉर्मवर सही घ्यायला गेले. त्यांनी सही केली, पण फॉर्म हातातच ठेवला.

"पळता येतं का गं?"

"बस पकडण्यापुरतं येतं."

"आणि बॉल?"

"बॉल नाही पकडता येत."

"चालेल. राइट फिल्डला उभी राहा. तिकडे बॉल येतच नाही."

राइट फिल्ड म्हणजे मैदानाचा उजवीकडचा, सगळ्यात लांबचा कोपरा. बहुतेक मुली उजव्या हाताने मारतात, त्यांचा बॉल डावीकडे जातो, हे मॅडमचं शास्त्र. त्या भरवशावर मला पंधरा नंबरचा टी-शर्ट मिळाला. घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, "क्रिकेटच ना?" मी हो म्हटलं. समजावत बसले असते तर जेवण थंड झालं असतं.

आमची टीम म्हणजे खरं तर आमची पिचर. असोद्याची मुलगी, रोज बसने यायची. अंगाने काटकुळी, पण बॉल असा फेकायची की समोरची मुलगी बॅट फिरवेपर्यंत तो मागे कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असायचा. ती फेकायची, बाकीच्या सात जणी अधूनमधून पळायच्या आणि मी कोपऱ्यात उभी राहून ढग बघायचे. अशा रीतीने आम्ही फायनलला पोचलो.

फायनल धुळ्याला होती, धुळ्याच्याच कॉलेजशी. त्यांच्याकडे कॅचर जबरदस्त होती. ठेंगणी, बसकी, तोंडाने अखंड चालू. बॅट घेऊन उभं राहिलं की मागून तिचा आवाज यायचा, "ताई, बूटनी लेस सुटेल शे." आपण खाली बघितलं की बॉल गेलाच म्हणून समजा. आणि त्यांच्यात डावखुऱ्या दोन मुलीही होत्या, ही गोष्ट मॅडमच्या शास्त्रात बसत नव्हती.

पहिला बॉल माझ्याकडे आला तो उंच. मी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, आणि तो माझ्या मागे तीन हातांवर पडला. दुसऱ्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. तेव्हा तो ग्लोव्हमध्ये आला, तिथून बाहेर पडला आणि माझ्याच पायाला लागून आणखी लांब गेला. दोन्ही वेळा धुळ्याला रन मिळाला. पिचरने दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलं.

शेवटच्या इनिंगला स्कोअर तीन-तीन. मी बॅटिंगला उभी राहिले आणि त्यांच्या पिचरचा बॉल थेट माझ्या कमरेवर बसला. बॉल अंगाला लागला की पहिला बेस फुकट मिळतो. मी लंगडत तिथे गेले. पुढच्या मुलीला चार बॉल वाईड पडले, तिलाही पहिला बेस फुकट मिळाला, म्हणून मी दुसऱ्या बेसवर सरकले. मग आमच्या असोद्याच्या बाईने असा ठेवून दिला की बॉल थेट कुंपणाला लागला. मी पळत सुटले. जिथे पोचलं की रन होतो त्या होम प्लेटच्या अलीकडे पाय पायात अडकून मी तोंडावर आपटले, आणि आपटले ती नेमकी प्लेटवर. कॅचरच्या हातात बॉल आला तेव्हा माझी हनुवटी रन काढून मोकळी झाली होती. नंतर पिचरने त्यांच्या तिघींना ओळीने बाद केलं. आम्ही जिंकलो.

आता बक्षिसं. पारोळ्याच्या एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी खास ट्रॉफी दिली होती, उंची माझ्या कमरेएवढी. तिच्यावर लिहिलं होतं, 'सर्वात मौल्यवान खेळाडू'. ती कोणाला द्यायची हे भाऊ आणि मुख्य अंपायर मिळून ठरवणार होते. अंपायर म्हणजे निवृत्त खेळशिक्षक, त्यांना सगळे नाना म्हणत. दोघं मांडवात डोकं जवळ करून कुजबुजत बोलायला लागले. समोरचा माइक चालू आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ज्यांना सांगता आलं असतं ते सगळे ऐकत होते.

"पिचरला देऊन टाका," भाऊ म्हणाले. "तिने जिंकून दिलं. विषय संपला."

"पिचर चांगलीच शे," नाना म्हणाले, "पण धुळ्यानी कॅचर देखा. बठ्ठा बॉल तिनी आडावात. ती नसती ते मॅच आर्ध्यातच आटपी जाती."

"अहो, पण ती हरली!"

"ती कोठे हरनी? तिनी टीम हरनी."

"हरलेल्याला ट्रॉफी दिली तर लोक मला येडा म्हणतील."

"ट्रॉफीवर काय लिखेल शे? मौल्यवान. जिंकेल असं लिखेल शे का?"

भाऊंनी ट्रॉफी वळवून वाचली. तेवढ्यात खुर्च्यांमधून कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि दोघांना माइकचा शोध लागला. पण वादाला आता प्रेक्षक मिळाले होते, तो थांबणार कसा? जळगावकडचे पिचर, पिचर ओरडायला लागले, धुळेकर कॅचर, कॅचर. चहावाल्याने कप भरायचं थांबवून कॅचरच्या बाजूने मत दिलं, त्यावर आमच्या मॅडमनी त्याचा चहा परत केला.

शेवटी नानांनी तोडगा काढला. मैदानावर खेळलेल्या मुलींनीच मत द्यायचं, पण आपल्या टीमला नाही, समोरच्या टीममधल्या मुलीला. चिठ्ठीवर फक्त टी-शर्टचा नंबर लिहायचा. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मी कॅचरला मत दिलं. वैताग आणला होता तिने, पण खेळली होती.

नानांनी आमच्या चिठ्ठ्या वाचल्या. पाच कॅचरला, चार इकडेतिकडे. मग धुळ्याच्या उघडल्या.

"पंधरा," नाना म्हणाले. "पंधरा. पंधरा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बठ्ठा पंधराच शेतस."

नऊच्या नऊ चिठ्ठ्या! मी आधी खाली स्वतःच्या टी-शर्टकडे बघितलं.

"ही काय चेष्टा आहे?" भाऊ उठून उभे राहिले.

कॅचर शांतपणे पुढे आली. "चेष्टा नई, भाऊ. आमना तीन रन व्हयनात, त्यामातला दोन ह्या ताईनी दिनात. आमले तिन्हाएवढी मौल्यवान कोण?"

मांडव हसून हसून आडवा झाला. माझे कान तापले. बसच्या दिशेने पळावं असं वाटत होतं, पण कंबर इतकी ठणकत होती की पळणं शक्यच नव्हतं. म्हणून मी उलट मांडवात गेले आणि माइक हातात घेतला.

"ट्रॉफी मी घेते," मी म्हटलं. "जिंकायचा रनही माझाच आहे. दोन्ही टीमच्या उपयोगी पडलेली इथे मी एकटीच."

कॅचरने सगळ्यात आधी शिट्टी मारली. नियम नानांचा होता, नाना मागे हटेनात. भाऊंनी अशा चेहऱ्याने ट्रॉफी दिली जणू मी त्यांचा ट्रॅक्टर पळवून नेतेय.

परतीच्या बसमध्ये पिचर माझ्या शेजारी बसली नाही. पारोळ्याला चहासाठी उतरलो तेव्हा तिने उजव्या हातातला कप डाव्या हातात घेतला. बोटाचं नख उभं फाटलेलं होतं, रक्त वाळलेलं. तिसऱ्या इनिंगपासून ती तसंच फेकत होती. माझी चेष्टा तिथे एकदम संपली. मी बसमधून ट्रॉफी उचलून आणली.

"ही तुझी आहे. घे."

"मले नको," ती म्हणाली. "मले कोनं दिली व्हती?"

"चुकून माझ्याकडे आली."

"मंग राहू दे." तिने चहा संपवला. "तू डोळे कायले मिटते गं?"

"भीती वाटते."

"कायची? बॉल खाते का तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला मैदानावर उभं केलं. बोटाला पट्टी होती, म्हणून ती डाव्या हाताने बॉल उडवत होती. डोळे मिटले की असोद्याच्या खास शिव्या मिळायच्या, त्यातल्या निम्म्या मला तेव्हा कळत नव्हत्या. महिनाभर हे चाललं. माझी बोटं सुजली, एकदा नाक फुटलं, आणि एका सकाळी उंच गेलेला बॉल मी खाली येईपर्यंत नीट बघत राहिले. तो ग्लोव्हमध्ये आला आणि तिथेच राहिला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आता दुसरा," ती म्हणाली.

भाऊंनी पुढच्या वर्षीपासून ट्रॉफी कुस्तीला दिली. तिथे म्हणे वाद होत नाहीत.