आबांच्या कॅसेटवरचा रेन

पाच आठवड्यांपूर्वी ताईचा नॉटिंगहॅमहून फोन आला. "हे गेले गं. सकाळी चहा घेता घेता." मी वेम्बलीच्या माझ्या स्वयंपाकघरात रिसीव्हर धरून उभी राहिले आणि मला रडू आलं नाही. गेलेल्या माणसावर गोड लिहायचं असतं, ते मला जमणार नाही. भावोजींनी माझ्या बहिणीला काय दिलं, ते मी विसरलेली नाही...

भावोजी हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. माणूस हुशार, हात हलका, आणि सगळा जीव एका पक्ष्यात. रेन. इथल्या बागेत दिसतो तो नव्हे, त्याचा दक्षिण अमेरिकेतला दुर्मीळ भाऊबंद. एकाच डोंगरावरच्या रानात राहणारा, मूठभर, तपकिरी. वर्षाची सगळी रजा त्याच्यापायी जायची. आमच्या आईला रेन म्हणजे पाऊस वाटायचा. "इथे काय कमी पडतो, म्हणून जावई तिकडे बघायला जातात?" आम्ही हसायचो. ताई हसायची नाही.

आबा, आमचे वडील, दृष्टी गेल्यापासून सांगलीहून ताईला पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. शेवटची पोचली आणि चार दिवसांनी ते गेले. सत्त्याऐंशी साल होतं. अर्धा तास बोलले होते, कृष्णेचं पाणी, शेजाऱ्यांची भांडणं, आणि मधूनच "सुधे, ऐकतेस ना?" आधीच्या कॅसेटवर ताई आपलं उत्तर भरून परत पाठवायची, त्यामुळे तिच्याजवळ आबांचं एवढंच उरलं होतं.

पुढच्या वर्षी भावोजी रानातून परतले ते हवेतच. रेनचं गाणं टेपवर मिळालं होतं. मी तिथेच होते. त्यांनी कॅसेट लावली. पानांवरून टपटपणारं पाणी, मग तो पक्षी, पुन्हा पाणी, पुन्हा पक्षी... तो संपला आणि आबा बोलले, "तब्येतीला जप. ठेवतो आता."

ताई पांढरी पडली. "ही आबांची कॅसेट आहे."

"अगं, घाईत पॅकिंग केलं. ब्लँक समजून बॅगेत गेली. चुकून झालं, आय ॲम सॉरी."

"भावोजी, वर मराठीत 'आबा' लिहिलंय. तुम्हाला वाचता येतं ना?" मी विचारलं.

"फॉरेस्टमध्ये अंधार असतो. आणि तो कधी उडून जाईल सांगता येत नाही."

ताईने मलाच गप्प बसवलं. "चुकून झालं म्हणतात ना."

गेल्या आठवड्यात भावोजींची खोली आवरायला गेले, तेव्हा ताईच्या टेपरेकॉर्डरमधली ती कॅसेट प्रथमच माझ्या हातात आली. आबांचा आवाज पुसला जाऊ नये म्हणून ताईने तिच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मोडून ठेवले होते. ते मोडले की वर रेकॉर्डिंग होत नाही. त्या भोकांवर सेलोटेप होती. मापात कापलेली, एकही सुरकुती नसलेली. चुकून कुणी असं चिकटवत नाही.

मी ती ताईसमोर धरली.

"त्याच दिवशी बघितली होती मी," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"ते खरं बोलले असते. मग मी इथे राहिले असते कशी?"

ताई अजून रोज इस्त्री करताना ती कॅसेट लावते. टेप तुटेल या भीतीने पुढे पळवत नाही. आबांच्या दोन वाक्यांसाठी तिला अर्धा तास तो पक्षी ऐकावा लागतो, आणि पक्षी गप्प असतो तेव्हा भावोजींचा श्वास.