केळफुलाच्या मागचा पाहुणा

मी ग्रुपवर नुसते फोटो टाकते, बोलत नाही. पण आज संध्याकाळी जे झालं ते नुसत्या फोटोत मावत नाही, म्हणून लिहिते.

चोपड्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत पाच वाजताच अंधारतं. मी पालथ्या बादलीवर माझा छोटा झूमवाला कॅमेरा ठेवून केळफुलाचे जवळून फोटो काढत होते. कमी उजेडात शटर सावकाश चालतं, मग जे हलतं ते पुसट येतं. वाऱ्याने मागची सगळी वाळलेली पानं पुसट आली होती.

एकच जागा स्पष्ट होती. झूम केलं तर ठिपके दिसले आणि दोन कान.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच बाजूला ठिबकचा कॉक बंद करत होते. आमच्याकडे बागेत बिबट्याचं नाव घेत नाहीत, 'पाहुणा' म्हणतात. मी हळूच म्हटलं, "आबा, पाहुणा आलाय."

"तुले पाहाले? न सांगताच?" आबा हसले. "च्या ठेव, मी येस." आणि त्याच वाटेने यायला लागले.

शाळा सोडल्यापासून मी मोठ्याने बोललेच नव्हते. आज ओरडले, "आबा, बिबट्या!"

आबा जागीच थांबले. पानं एकदा वाजली, मग काहीच नाही.

घरी येऊन आधीचे फोटो पाहिले. तो सगळ्यांत आहे. पहिल्यात लांब, मग जवळ, मग अजून जवळ, आणि प्रत्येक वेळी अजिबात न हलता. मी केळफूल बघत होते आणि तो मला.

तुमच्याकडे त्याला काय म्हणतात? आम्हाला आता दुसरा शब्द पाहिजे.