कोर्टातलं, बागेतलं आणि हातावरचं कलम

आमच्या घरात किस्से साठतात ते नर्सरीच्या शेडमागे फाटक्या पिशव्या साठतात तसे. मुद्दाम कोणी ठेवत नाही, टाकूनही कोणी देत नाही, आणि एक उचलायला जावं तर खालून चार निघतात. त्यातले बरेचसे एकाच शब्दाचे. कलम.

मी रत्नागिरीत एका वकिलांकडे टायपिंगला आहे. माझ्यासाठी कलम म्हणजे कायद्यातलं. अमुक कलमाखाली तमुक गुन्हा, दिवसभर तेच बडवत असते. माझ्या दादा-वहिनीची हातखंब्याच्या अलीकडे आंब्याची नर्सरी. त्यांच्यासाठी कलम म्हणजे रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, तिथे हापूसची काडी बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून दोघांचं एक झाड करायचं. यंदा या शब्दात हॉस्पिटलही घुसलं, आणि मी जी हबकले ती अजून सावरलेली नाही.

*

आधी आमच्या साहेबांचा किस्सा. साहेब म्हणजे मी जिथे टाइप करते ते वकील. त्यांना दादाकडून हापूसची कलमं घ्यायची होती. माणूस आयुष्यभर फसवणुकीच्या केसेस लढलेला. रोप हातात धरून दादाला विचारतो, "हा हापूसच कशावरून? पुरावा काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याचा पगार खाते तो माझ्या भावाला लबाड ठरवतोय. दादा शांत. त्याने साहेबांना बागेच्या वरच्या टोकाला नेलं आणि एका जुन्या झाडापुढे उभं केलं.

"काडी हिची. ही आई. विचारा हिला."

गेली माझी नोकरी, असंच वाटलं मला. साहेबांनी झाडाला एक फेरी मारली, पान चुरगळून वास घेतला आणि खाली येऊन मला म्हणाले, "उलटतपासणीला टिकेल."

*

नर्सरीचे दोन नियम आहेत, आमच्या बाबांपासूनचे. कापेल त्यानेच बांधायचं; एका कलमाला दोन माणसांचे हात लागले की ते जगत नाही, असं बाबा म्हणायचे. आणि दुसरा नियम, नवी पालवी फुटेपर्यंत "लागलं का?" असं तोंडाने विचारायचं नाही. फारच जीव खालीवर होत असेल तर "पाणी घातलं का?" विचारावं. समोरच्याला कळतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा या नियमांना हसली होती. आता तीच सगळ्यांत कडक. आणि हात तिचाच सगळ्यांत चांगला. गिऱ्हाईकं गाठ बघून विचारतात, "हे वहिनींनी बांधलेलं ना?" दादाला याचा राग येतो, पण विक्री होते म्हणून गप्प बसतो.

*

तर मे महिन्याच्या शेवटी वहिनी आंब्याचा रस आटवत होती. आटत आलेला रस कसा थडथड उडतो आणि अंगावर पडला की कसा चिकटून बसतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. टोपाचा कान निखळला आणि सगळा रस उजव्या हातावर. अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत. मी हातावर पाणी ओतत होते. ती फक्त एवढंच म्हणाली, "सुलू, सुरी धरायचा हात गो."

पावसाळा तोंडावर. कलमांचा हंगाम तेव्हाच. हात गेला तर तिचं काय, हा एकच विचार माझ्या डोक्यात गरगरत होता.

डॉक्टर म्हणाले, "कातडी पार गेलीय. ग्राफ्टिंग करावं लागेल."

दादाचा चेहरा उजळला. शब्द घरचाच निघाला ना. कृषी खात्याची माणसं नर्सरीत आली की कलमाला हेच म्हणतात. त्याने शर्टाची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "घ्या इथली. निरोगी आहे. कीड नाही."

मी तोंडावर पदर धरला. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मग समजावून म्हणाले, "अहो, दुसऱ्याची कातडी टिकत नाही. यांच्याच मांडीची काढायची."

दादाला हे काही केल्या पटेना. "रायवळाच्या बाठ्यावर हापूस लागतो हो, डॉक्टर. आणि नवऱ्याचं बायकोला लागत नाही?"

"नाही लागत," डॉक्टर म्हणाले.

वहिनी इंजेक्शनच्या गुंगीत होती. डोळे न उघडता म्हणाली, "मला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं."

*

साहेब मोसंबी घेऊन भेटायला आले. हालहवाल विचारायच्या आधीच सुरू. "टोपाचा कान निखळला म्हणजे बनवणारा दोषी. सोडायचं नाही. कोणतं कलम लावायचं ते मी बघतो." वॉर्डातल्या सगळ्या बायका कान टवकारून बसल्या.

"टोप आला कुठून?" साहेबांनी खिशातून पेन काढलं.

वहिनी म्हणाली, "माझ्या माहेरचा आहे."

वहिनीची आई शेजारच्या स्टुलावर बसून त्यांचंच मोसंबं सोलत होती. तिने हात थांबवून साहेबांकडे नीट पाहिलं. साहेबांनी पेन परत खिशात ठेवलं आणि पाऊस यंदा वेळेवर येणार का, यावर बोलायला लागले.

*

ऑपरेशन झालं. पट्टी काही दिवस उघडायची नव्हती. दादा वॉर्डाच्या दाराशी खुर्ची टाकून बसला, आणि जो कोणी "लागली का कातडी?" विचारेल त्याला बाहेर काढायला लागला. वहिनीच्या आईलाही काढलं. जावयाने सासूला दंडाला धरून बाहेर नेलं! मला तर धरणी दुभंगावी असं झालं. पण ती माउली बाकावर बसून मलाच म्हणाली, "चुकलंच माझं. विचारायचं नसतं ना तुमच्यात."

पट्टी उघडायच्या दिवशी डॉक्टर बाहेर आले. आम्ही सगळे उभे, पण विचारेना कोणीच. डॉक्टर गोंधळून एकेकाकडे बघायला लागले. शेवटी दादाने घसा खाकरला.

"पाणी घातलंत का?"

"पाणी?" डॉक्टर दचकले. "पाणी अजिबात लागू द्यायचं नाही." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, स्वतःहून म्हणाले, "छान धरलंय. काळजी करू नका."

दादा तिथेच फरशीवर बसला आणि रडला. बाबा गेले तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

*

कातडी धरली, पण अंगठा वाकेना. व्यायामाला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. वहिनीने तो कुत्र्याला दिला आणि कलमाच्या पट्ट्या मागवल्या. मग घरात दिसेल त्याला ती पट्टी बांधत सुटली. डावाचा दांडा, छत्रीची मूठ, टीव्हीचा रिमोट. दादा दोन दिवस एकच सिरियल बघत होता. सोडायची कोणाची छाती नव्हती.

एकदा साहेब लोणचं न्यायला आले आणि पेन ओट्यावर विसरले. दुसऱ्या दिवशी मी ते नेऊन दिलं, आणि कोर्टात सही करायला काढलं तर पट्टीने आवळलेलं टोपण निघेना. न्यायाधीशांनी विचारलं, "काय झालं, वकीलसाहेब?"

साहेब म्हणाले, "सर, जुळेपर्यंत सोडायचं नाही असं सांगितलंय."

*

आषाढात पेरलेले बाठे, म्हणजे आंब्याच्या कोयी, उगवले, तांबूस पानांची रोपं हाताशी आली. वहिनी शेडमध्ये बसली. गाठ तिला जमत होती. सुरी जमत नव्हती. धरायची, दाबायला जायची की अंगठ्यातून निसटायची. काडी पुनःपुन्हा वाकडी कापली गेली. तिने सुरी भिंतीवर फेकली आणि म्हणाली, "झालं माझं. आता मला गिऱ्हाईकांना पाणी द्यायला बसवा."

दादा उठला. सुरी उचलून तिच्यासमोर बसला. रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला पाचर काढून आत बसवली आणि रोप तिच्यापुढे धरलं.

"बांध."

"आणि नियम?"

"बांध म्हटलं ना."

मी दारात गारठून उभी. बाबांचा नियम त्याने माझ्या देखत मोडला होता, आणि भिंतीवर फोटोत बाबा आमच्याकडेच बघत होते. वहिनीने बांधलं. दादाने ते रोप सगळ्यांपासून लांब, पन्हळीखाली ठेवलं. त्याबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. फक्त रोज सकाळी चहा घेताना वहिनी विचारायची, "पाणी घातलं का?"

*

पुढच्या तपासणीला मीही सोबत गेले. डॉक्टरांनी वहिनीचा हात उलटसुलट करून पाहिला. अंगठा पुरता वाकत नव्हता, आणि यापुढेही फारसा वाकणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. वहिनीने मान हलवली.

दादाने पिशवीतून रोप काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. खालची माती कागदांवर सांडली. डॉक्टर म्हणाले, "अरे वा, हापूस का? माझ्यासाठी?"

"द्यायचं नाहीये. दाखवायला आणलंय."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. पट्टीच्या वर तांबडी, लवलवती पालवी फुटली होती.

"कापलं मी," दादा म्हणाला. "बांधलं हिने. तुम्ही म्हणाला होतात, नाही लागत."