आत्याच्या करंड्यातला खडा

आमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे फुवा, टणकपणाची परीक्षा घेतल्याशिवाय जगातल्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत. तीस वर्षं सुरतेत हिरे घासले, त्याचा हा परिणाम. तिथल्या उधन्याच्या बाजारात ते कलिंगड नुसतं वाजवत नाहीत, नखानं ओरखडूनही पाहतात, त्यामुळे कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की गाडी पुढे ढकलतो. हिरे पारखायचं भिंग, त्यांची आयग्लास, डोळ्याला लावून त्यांनी तांदूळ तपासलेत. माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली अंगठी ऐन मांडवात तपासून त्यांनी "चालेल" असा निकाल दिला होता. सासरे ते अजून विसरलेले नाहीत.

एका खड्यावरून मात्र त्यांचं नि आत्याचं कधी जमलं नाही. निळसर हिरवा, पैलू पाडलेला तो खडा हिऱ्यांच्या पुडीतून चुकून आला होता आणि व्यापाऱ्यानं "तुम्हीच ठेवा" म्हणून देऊन टाकला होता. आत्यानं तो कुंकवाच्या करंड्यात ठेवला आणि त्याची अंगठी करून मागितली. फुवांचं वीस वर्षं एकच उत्तर, "हाई काच शे. काचनी अंगठी? लोके हसतीन माले."

यंदा मीच म्हटलं, रत्नं तपासणाऱ्या लॅबमध्ये दाखवून टाकू. फुवांना हा आपल्या नजरेचा अपमान वाटला. निघण्याआधी त्यांनी पोलादी सुई आणली आणि आमच्यासमोर खड्यावर ओढली. पांढरी रेघ उमटली.

"दख, सुईपुढे बी टिकना नही," ते विजयानं म्हणाले. आत्यानं खडा पदरानं पुसला.

लॅबमधल्या बाईंनी तो सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "फॉस्फोफिलाइट आहे, जस्ताचं फॉस्फेट. फार दुर्मीळ. इतका नाजूक की घासतानाच फुटतो, म्हणून पैलू पाडलेला सहसा दिसतच नाही. संग्राहक वाटेल तो भाव देतात. ही ताजी रेघ नसती, तर याला दुप्पट मिळाला असता."

"रेघ मीच ओढली. काच समजून," फुवा म्हणाले.

"काचेवर सुईची रेघ इतक्या सहज उठत नाही, काका. तिथंच ओळखायचं होतं."

तीस वर्षांचा कारागीर शाळकरी पोरासारखा मान खाली घालून बसला. माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, याची अंगठी होईल का? बाई म्हणाल्या, घरकाम करणाऱ्या हातात महिनाभरही टिकणार नाही.

खडा विकलेला नाही. कापसात गुंडाळून पुन्हा करंड्यात ठेवलाय. रस्त्यावरून ट्रक गेला तरी फुवा करंड्यावर हात ठेवतात. परवा त्यांनी आत्याला विचारलं, "तुले कसं समजनं?"

"माले काय समजनार? माले रंग आवडना व्हता," आत्या भाकरी थापता थापता म्हणाली.

फुवांनी पिठानं भरलेला तिचा हात हातात घेतला आणि त्या मोकळ्या बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. आयग्लास खिशातच होती.